सैनिकाच्या लेकरांचा हक्क

दरवर्षी पावसाळ्याच्या आरंभी वाशी, नेरूळ, खारघर, पनवेल या पट्ट्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की, ज्यांच्या मुलाची जागा अगदी थोडक्यात हुकली अशा पालकांच्या तोंडून एक आक्षेप हमखास ऐकू येतो. आणि तो केवळ मत्सरापोटी निघतो असे म्हणून त्याची बोळवण करणे मला न्याय्य वाटत नाही, कारण तो मांडणाऱ्यांत विचारी, सुशिक्षित आणि सैन्याविषयी मनःपूर्वक आदर बाळगणारी माणसे पुष्कळ आहेत. सैनिकांच्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या जागा, त्यांना मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या आणि शुल्कसवलती यांवर त्यांचे तीन आक्षेप आहेत. पहिला असा की, देशसेवा बापाने केली असता तिचे फळ मुलाच्या पदरात घालणे म्हणजे जी वतनदारी महाराष्ट्राने महत्प्रयासाने मोडीत काढली तिलाच नव्या नावाने परत आणणे होय. दुसरा असा की, सैनिकाला शिक्षण द्यावयाचेच असेल तर ते त्याला स्वतःला द्यावे, त्याच्या कुटुंबीयांकडे ते वळवण्याचे कारण नाही. आणि तिसरा असा की, वेतन, भत्ते व निवृत्तिवेतन दिल्यानंतर त्याच्या सेवेचा हिशेब चुकता झालेला असतो, सबब त्यापलीकडे जे दिले जाते ते दान आहे, आणि दुसऱ्याच्या मुलाची जागा काढून दान करण्याचा अधिकार सरकारला नाही. हे तिन्ही आक्षेप मला सर्वस्वी अमान्य आहेत, आणि ते का अमान्य आहेत हे क्रमाने मांडणे हाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू, कारण या वादातील निम्मा क्षोभ तिच्या अज्ञानातून जन्मलेला आहे. राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होणाऱ्या अभियांत्रिकी प्रवेशांत, लोक ज्याला ‘डिफेन्स कोटा’ म्हणतात तो मंजूर प्रवेशसंख्येच्या ५ टक्के, आणि तोही एका संस्थेत जास्तीत जास्त ५ जागा, एवढ्याच मर्यादेत आहे; म्हणजे ज्या महाविद्यालयात वर्षाला तीनशे-चारशे विद्यार्थी प्रवेश घेतात तेथेही या तरतुदीखाली येणाऱ्यांची गणती एका हाताच्या बोटांवर संपते. महाराष्ट्राचे अधिवासी असलेले माजी सैनिक, महाराष्ट्राचेच अधिवासी असलेले कार्यरत सैनिक, आणि अन्य प्रांतांतून येथे बदलून आलेले किंवा मुलांच्या शिक्षणासाठी ज्यांची कुटुंबे येथे राहिली आहेत असे सैनिक, या तिघांची मुले तिला पात्र ठरतात. उरणजवळच्या करंजा येथील नौदलाच्या शस्त्रागारात नेमणुकीवर आलेल्या परप्रांतीय नौसैनिकाची मुलगी ही या तिसऱ्या वर्गातली. प्रवेशार्थीला बारावी उत्तीर्ण व्हावे लागते, प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि आपल्यासारख्याच इतर सैनिकपुत्रांशी व सैनिककन्यांशी गुणानुक्रमाने स्पर्धा करावी लागते. शिवाय हे आरक्षण आडवे आहे. १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उभ्या आणि आडव्या आरक्षणातील जो भेद स्पष्ट केला त्यानुसार ते सामाजिक प्रवर्गांच्या आतच सामावले जाते, त्यांच्यावर आणखी एक मजला चढवत नाही. आणि अशा वर्गीकरणाच्या वैधतेविषयी म्हणाल तर, वैद्यकीय महाविद्यालयांत सैनिकांच्या मुलांसाठी जागा राखून ठेवणारा तत्कालीन म्हैसूर राज्याचा नियम त्याच न्यायालयाने १९७१ मध्येच, डी. एन. चंचला यांच्या खटल्यात, ग्राह्य धरला होता. कायदेशीर ते सर्व न्याय्यच असते असे मी म्हणत नाही. म्हणूनच कायद्याच्या आडोशाला न थांबता न्यायाच्या प्रश्नाकडे वळतो.

वतनदारीचा आरोप हा या तिन्हींतला सर्वांत गंभीर आहे, कारण महाराष्ट्रात वतन या संस्थेने काय अनर्थ केला याची स्मृती अजून जिवंत आहे. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते त्या अनर्थावर बोट ठेवण्यासाठीच, आणि स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट झाली तेव्हा ती लढाई बऱ्याच अंशी पूर्णत्वास गेली. परंतु त्या संस्थेचा दोष नेमका कशात होता? जन्म हीच तिची पात्रता होती, पिढ्यान्‌पिढ्या चालणे हा तिचा स्वभाव होता, आणि ज्याच्या वाट्याला ती येई त्याला ती विशिष्ट चाकरीशी जखडून ठेवी. सैनिकाच्या मुलाला मिळणारी सवलत यांपैकी एकाही लक्षणात बसत नाही. जिच्यामुळे ती मिळते ती सैन्यभरती सर्व जातिधर्मांच्या तरुणांना खुली आहे. सवलत एकाच पिढीपुरती आहे, नातवाला तिच्यातले काहीही पोहोचत नाही. पदवी हातात पडली की ती संपते. आणि ती घेणाऱ्याला बापाच्या धंद्याशी बांधून न ठेवता त्यातून बाहेर पडण्याची, अभियंता, वैद्य किंवा अध्यापक होण्याची मुभा देते. जी गोष्ट माणसाला जन्माच्या चाकोरीत कोंडते ती आणि जी त्याला त्या चाकोरीबाहेर नेते ती, या दोहोंना एकाच नावाने हाक मारणे हा विचाराचा प्रमाद आहे.

आता दुसरा आक्षेप. शिक्षण द्यायचे तर सैनिकालाच द्या, हे वाक्य ऐकायला सरळ वाटते. पण ते उच्चारणाऱ्याने एका साध्या शिपायाच्या आयुष्याचे वेळापत्रक समोर ठेवून पाहिलेले नसते. आजवरच्या रिवाजाप्रमाणे जवान भरती होतो तो अठरा-वीस वर्षांचा असताना, म्हणजे त्याच्या बरोबरीचे तरुण महाविद्यालयाची पहिली पायरी चढत असतात त्याच वेळी. आणि पंधरा-वीस वर्षांची नोकरी करून पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान घरी परततो, म्हणजे इतर नोकरदारांच्या आयुष्यात स्थैर्याचा काळ सुरू होतो त्याच सुमारास. मधली सारी वर्षे, ज्यांत माणूस पदवी मिळवतो, वाचतो, आपल्या बुद्धीला वळण लावतो, ती सियाचेनच्या बर्फात, तवांगच्या चौकीत किंवा युद्धनौकेच्या पोटात खर्ची पडलेली असतात. याची कबुली सरकारने स्वतःच दिली आहे: पंधरा वर्षांची सेवा झालेल्या माजी सैनिकाला कनिष्ठ वर्गाच्या पदांसाठी पदवीधराच्या समकक्ष मानण्याची जी सोय आहे तिचा अर्थ दुसरा काय आहे? मात्र त्या दाखल्याने अर्जातला रकाना भरतो, हुकलेले शिक्षण भरून निघत नाही. चाळिशीला आलेला हा माणूस नवी मुंबईत परततो तेव्हा त्याची मुलगी दहावीत आणि मुलगा सातवीत असतो, घरभाड्याचा किंवा कर्जाच्या हप्त्याचा तगादा दाराशी उभा असतो, आणि तो एखाद्या बँकेच्या, गोदामाच्या किंवा गृहसंकुलाच्या दाराशी पुन्हा गणवेश चढवून पहाऱ्याला उभा राहतो. त्याला आपण म्हणणार की, तुझे शिक्षण राहिले आहे तर तू महाविद्यालयात जा, तुझ्या मुलीसाठी मागू नकोस? ज्या घरात शिकण्याचे वय एकाचे निघून गेले आहे आणि दुसऱ्याचे उंबरठ्यावर आहे, तेथे ज्याचे वय उरले आहे त्याच्याकडे तो हक्क गेला पाहिजे. माझ्या साऱ्या युक्तिवादाचा कणा हाच आहे.

परदेशाचा दाखला आक्षेपकही देतात, तेव्हा तोही नीट वाचून पाहावा. अमेरिकेने १९४४ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी जो प्रसिद्ध कायदा केला त्याचा शैक्षणिक लाभ सैनिकाला स्वतःला होता, आणि सुमारे ७८ लाख सैनिकांनी त्याखाली शिक्षण वा प्रशिक्षण घेतले. कारण सक्तीच्या भरतीने युद्धात गेलेले हे तरुण दोन-चार वर्षांत, ऐन विशी-पंचविशीत, घरी परतत होते आणि त्यांचे शिकण्याचे वय शिल्लक होते. तथापि १९५६ मध्ये त्याच देशाने युद्धात बाप गमावलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी वेगळा कायदा केला; १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली आणि सैन्य दीर्घ सेवेच्या, संसारी माणसांचे झाले; आणि २००८ च्या नव्या कायद्याने, १ ऑगस्ट २००९ पासून, सैनिकाला आपला शैक्षणिक लाभ पत्नीच्या किंवा मुलांच्या नावे करून देण्याची मुभा मिळाली, अट अशी की त्याची सहा वर्षे सेवा झालेली असावी आणि आणखी चार वर्षे करण्यास त्याने मान्यता द्यावी. म्हणजे ज्या देशाचे उदाहरण ‘सैनिकालाच द्या’ या मतासाठी पुढे केले जाते, तोच देश सैन्याचे स्वरूप बदलताच कुटुंबाकडे वळला. आपले सैन्य तर आरंभापासूनच स्वेच्छेने भरती होऊन दीर्घकाळ राबणाऱ्यांचे आहे.

राहिला तिसरा आक्षेप, हिशेब चुकता झाल्याचा. वेतन हे सैनिकाच्या श्रमाचे मोल आहे हे मान्य. पण त्या सेवेचा सारा भार एकटा सैनिक वाहत नाही. दर दोन-तीन वर्षांनी बापाची बदली झाली की मुलाची शाळा बदलते, भाषा बदलते, मित्र तुटतात. आणि जेथे कुटुंब नेण्याची सोय नाही अशा ठिकाणी बापाची नेमणूक झाली की महाडच्या खेड्यात किंवा कळंबोलीच्या दोन खोल्यांत एकटी आई संसाराचा आणि अभ्यासाचा गाडा ओढते. १९६३ मध्ये केंद्रीय विद्यालयांची योजना सुरू झाली ती वीस रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन, कारण बदलीच्या नोकरीने मुलांच्या शिक्षणाची जी परवड होते ती सरकारच्या ध्यानात आली होती. पण तो उपायही अपुरा ठरतो: जम्मूच्या वा जोधपूरच्या केंद्रीय विद्यालयात शिकलेला साताऱ्याकडचा मुलगा आपल्याच राज्याच्या प्रवेश परीक्षेला बसतो तेव्हा तिचा पाया राज्य मंडळाचा अभ्यासक्रम असतो, जो त्याने कधी हाताळलेलाच नसतो, आणि दहावी-बारावी परप्रांतात झाल्यामुळे आपल्याच राज्यात त्याला स्थानिक म्हणून उभे राहण्यासाठी निराळ्या तरतुदीचा आधार घ्यावा लागतो. ही हानी पगारपत्रकात कोठेही नोंदलेली नसते. ती बापाने सोसलेली नसून मुलाने सोसलेली आहे. तेव्हा तिची भरपाई मुलाला मिळते यात बापाचे फळ मुलाला दिल्यासारखे काही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने सैनिकांच्या सेवेच्या महिन्यांमागे रक्कम बाजूला काढून युद्धोत्तर पुनर्रचनेचा निधी उभारला होता, त्यामागेही हीच जाणीव होती की सेवेच्या मोलाचा काही भाग पुढे, सैनिक आणि त्याचे कुटुंब अडचणीत असेल तेव्हा, देणे लागतो. असे देणे फेडणे याला दान म्हणत नाहीत.

आणि हे तत्त्व नवी मुंबईकरांना परके वाटावे याचे मला मोठे आश्चर्य वाटते, कारण हे शहरच त्या तत्त्वावर उभे आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घेण्याचे ठरले. त्या शेतकऱ्यांना मोबदला दिला, हिशेब संपला, असे सरकारनेही प्रथम म्हटले होते. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी समाजाने ते मानले नाही. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच आंदोलकांचे प्राण गेले. आणि पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व सरकारला स्वीकारावे लागले. त्या भूखंडांवर वारसांचा हक्क चालतो, आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखला कुटुंबाने नामनिर्देशित केलेल्या मुलाला किंवा मुलीला नोकरीच्या आरक्षणासाठी वापरता येतो. जमीन आजोबांची गेली होती, नातवाची नव्हे, असे म्हणून कोणी तो दाखला फाडून टाकावा असे आज बेलापूर-घणसोलीत कोणी म्हणेल काय? म्हणणार नाही, कारण जमीन गेली तेव्हा एका माणसाची उपजीविका न जाता साऱ्या घराचे भवितव्य गेले, हे येथे सर्वांना कळते. ज्या शहराने शेताच्या बाबतीत हा न्याय मागितला, त्याने बापाच्या तारुण्याच्या बाबतीत तो नाकारावा, यात सुसंगती नाही.

हा विषय केवळ तात्त्विक नाही, हे २०१७ च्या एका निर्णयाने दाखवून दिले. १९७१ च्या युद्धानंतर लोकसभेत घोषित झालेल्या योजनेनुसार, रणांगणावर मृत्यू पावलेल्या, बेपत्ता झालेल्या व कायमचे अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांचे शिक्षणशुल्क, वसतिगृह, पुस्तके व गणवेश यांचा पूर्ण खर्च सरकार देत आले होते. सातव्या वेतन आयोगानंतर या खर्चावर महिना १०,००० रुपयांची कमाल मर्यादा घालण्यात आली. तेव्हाचे संरक्षण राज्यमंत्री, आपल्या धुळ्याचे डॉ. सुभाष भामरे, यांनी संसदेत दिलेल्या उत्तरानुसार या मर्यादेचा फटका सुमारे २५० विद्यार्थ्यांना बसत होता आणि वर्षाकाठी सुमारे ३ कोटी २० लाख रुपये वाचणार होते. एवढ्या मोठ्या राष्ट्राच्या अंदाजपत्रकात ही रक्कम किती क्षुद्र! नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांनी ही मर्यादा उठवण्यासाठी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहिले, आणि मार्च २०१८ मध्ये ती उठली. पण ती घालण्याचे धाडस दफ्तरदारांना झाले, ते ‘हिशेब संपला आहे, उरले ते दान’ हीच समजूत मनात घर करून बसली होती म्हणून. आणि म्हणूनच त्या समजुतीचा प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते.

आक्षेपकांच्या म्हणण्यात जो एक अंश खरा आहे तो मात्र मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या, शहरात उत्तम शाळांजवळ राहिलेल्या अधिकाऱ्याचा मुलगा आणि हवालदाराच्या विधवेची मुलगी या दोघांना एकाच तराजूत तोलणे न्यायाचे नाही. केंद्रीय सैनिक मंडळ वैद्यकीय जागांसाठी अग्रक्रम लावते, युद्धात कामी आलेल्यांची कुटुंबे प्रथम, मग युद्धात अपंग झालेल्यांची, मग सेवेत मृत्यू पावलेल्यांची. तसाच अग्रक्रम राज्याच्या पाच जागांतही लावावा, आणि त्यानंतर कनिष्ठ हुद्द्यांच्या मुलांना प्राधान्य द्यावे. हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांसाठी असलेले शिक्षण अनुदान महिना १,००० रुपयांवरून २,००० रुपये करण्याचा निर्णय २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये झाला, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण ज्या नगरात खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क लाखाच्या घरात जाते तेथे ते कितीसे पुरणार? परंतु हे सारे दोष वाटपाचे आहेत. वाटप वाकडे असेल तर ते सरळ करावे. त्यासाठी हक्कच रद्द करावा, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

या हक्कामागील तत्त्वाची खरी कसोटी आता येऊ घातली आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेखाली भरती होणाऱ्यांपैकी जास्तीत जास्त एक चतुर्थांश कायम होतील आणि उरलेले चार वर्षांनी सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी घेऊन घरी परततील, असे तेव्हा सांगण्यात आले. त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणजे वर वर्णन केलेल्या सवलतींपैकी त्यांच्या भावी मुलांना काहीही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचेनवर कर्तव्य बजावताना मृत्यू पावलेला अग्निवीर आपल्या बुलढाणा जिल्ह्याचा होता, हे महाराष्ट्राने विसरू नये. चार वर्षांनी मुक्त झालेला अग्निवीर बाविशी-पंचविशीत परत येईल तेव्हा त्याचे स्वतःचे शिकण्याचे वय उरलेले असेल. तेव्हा शिकण्याचे वय ज्याचे, हक्क त्याचा, या न्यायाने त्याच्यासाठी महाविद्यालयाची जागा आणि शुल्क यांची तरतूद त्याच्या स्वतःच्या नावे झाली पाहिजे. दूरशिक्षणाच्या पदवीवर त्याची बोळवण होता कामा नये.

सैनिकाच्या घरात पोहोचलेले शिक्षण समाजाला काय देते, याचा दाखला शोधायला महाराष्ट्राने दूर जाण्याचे कारण नाही. कंपनी सरकारच्या फौजेत हिंदी सैनिकांच्या मुलामुलींना सक्तीचे शिक्षण होते, असे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांना विद्या मिळाली ती या लष्करी व्यवस्थेत. महूच्या लष्करी शाळेत ते मुख्याध्यापक झाले, आणि त्याच महूला १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. गावच्या शाळेने ज्या जातीला दाराबाहेर ठेवले होते तिच्या घरात अक्षर शिरले ते सैनिकाच्या गणवेशाबरोबर. आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली तेव्हा जे हिरावले गेले त्यात चाकरीबरोबर पुढच्या पिढीची पाटी-पेन्सिलही होती, म्हणूनच दापोली व परिसरातील निवृत्त सैनिक त्या बंदीविरुद्ध अर्जविनंत्या करीत राहिले. बापाच्या सेवेतून मुलाला मिळालेले शिक्षण वतनासारखे सडत नाही, ते वतने मोडणारा माणूस घडवू शकते, याहून सबळ पुरावा कोणता हवा?

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. पाच जागांची तरतूद कायम राहावी आणि तिच्यात हौतात्म्य, अपंगत्व व कनिष्ठ हुद्दा यांचा अग्रक्रम कायद्याने लागू व्हावा. सैनिकाची विधवा स्वतः शिकू इच्छीत असेल तर वयाची अट न आणता तिला त्याच सवलती मिळाव्यात. दाखल्यांची दगदग कमी व्हावी: ऐरोली ते बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, कळंबोली, पनवेल, उलवे हा भाग रायगडात मोडत असल्यामुळे एकाच शहरातल्या दोन सैनिक कुटुंबांना दोन जिल्ह्यांच्या सैनिक कल्याण कार्यालयांशी व्यवहार करावा लागतो, आणि खारघरच्या विधवेला कागदांसाठी थेट अलिबाग गाठावे लागते; तेव्हा बेलापूरच्या कोकण भवनात दोन्ही जिल्ह्यांसाठी एक संयुक्त कक्ष उघडणे सरकारला अवघड नाही. आणि ज्यांच्या मुलाची जागा हुकली त्या पालकांना माझी कळकळीची विनंती अशी की, आपला राग त्या पाच मुलांवर काढू नका. चांगल्या, स्वस्त, सरकारी महाविद्यालयांची संख्या या पट्ट्यात इतकी अपुरी का, हा प्रश्न सरकारला विचारा, आणि तो विचाराल त्या दिवशी सैनिकांची कुटुंबेही तुमच्या बाजूला उभी राहतील, कारण त्यांचीही अनेक मुले त्या पाच जागांच्या बाहेरच राहतात.